पाटीच्या दगडाची फरशी: नागपुरातल्या घरात स्लेट लावायची असेल तर

हॉलमध्ये स्लेट लावायचं ठरलं आणि माल अंगणात उतरला. मिस्त्रीनं एक नग उचलला, डोळ्यासमोर आडवा धरला आणि म्हणाला, "भाऊ, हे तर पापडावानी हाय. याची लेवल कशी येईन?" त्याचं चुकत नव्हतं. व्हिट्रिफाइड टाइल कारखान्यात साच्यातून निघते, पहिला नग आणि हजारावा नग सारखाच. स्लेट मात्र खाणीतून काढलेल्या लादीला छिन्नी लावून पापुद्र्यासारखी उकलतात. त्यामुळे एकाच लॉटमध्ये एक नग ८ मिलिमीटरचा, तर दुसरा १४ चा निघतो. नागपुरातले बहुतेक मिस्त्री आता व्हिट्रिफाइडवर हात बसलेले आहेत आणि स्लेटचं जे बिघडतं ते बहुतेक वेळा तिला व्हिट्रिफाइडसारखं वागवल्यामुळे बिघडतं. पहिल्यांदाच ही फरशी लावणाऱ्यांना वाटेत कुठे खड्डा आहे ते आधी माहीत असावं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो.

आधी दगड ओळखा

स्लेट म्हणजे शाळेतल्या पाटीचाच दगड. नदी-समुद्राच्या तळाशी साचलेली बारीक माती दाबाखाली आणि उष्णतेत बदलली की तिचे असे थर उकलता येणारे खडक होतात. आंध्र प्रदेशातलं मार्कापूर पाट्यांसाठी प्रसिद्ध, हिमाचलात कांगड्याकडे घरांची छपरं या दगडाची असतात, आणि राजस्थान-हरियाणातूनही फरशीचा माल निघतो.

गोंधळ होतो तो कडप्प्याशी. आपल्याकडे स्वयंपाकघराचा ओटा आणि मांडण्या कडप्प्याच्या, वाड्यांतली फरशी शहाबादी, जिने कोट्याचे. हे तिन्ही चुनखडक आहेत, स्लेट नव्हे. काळ्या कडप्प्याला 'ब्लॅक स्लेट' म्हणून विकणारे भेटतात. कधी फसवायला, कधी त्यांनाच फरक माहीत नसतो म्हणून.

ओळखायची सोपी रीत अशी. नमुन्याचा एक तुकडा घरी आणा, मागच्या बाजूला खिळ्यानं खरवडून थोडी भुकटी करा आणि तिच्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर चुनखडक. स्लेट सहसा गप्प बसते. लिंबानं नीट कळलं नाही तर संडास धुवायच्या ॲसिडचा एक थेंब टाका, हातमोजे घालून आणि अंगणात. हा फरक फक्त नावापुरता नाही. संत्र्याच्या मोसमात ज्यांच्या घरी रोज रस निघतो त्यांनी पॉलिश केलेल्या कोट्यावर पडलेल्या रसाचा फिका डाग पाहिला असेल. आंबट पदार्थ चुनखडकाला खातो, स्लेटला तसं सहजासहजी काही करत नाही. स्लेटची दुखणी वेगळी आहेत, ती पुढे येतील.

गोदामात गेल्यावर

दुकानातल्या बोर्डावर चिकटवलेला, तेल लावून चमकवलेला नमुना पाहून काहीच ठरवू नका. ज्या ढिगातून माल येणार आहे तो ढीग दाखवायला सांगा आणि त्यातले आठ-दहा नग स्वतः उचला. वरचे नाही, मधले.

पहिलं काम वाजवून पाहायचं. नग एका कोपऱ्याला दोन बोटांत लोंबता धरा आणि दुसऱ्या हातानं टिचकी मारा. चांगली स्लेट खणकन वाजते, पितळी ताटलीसारखी. भद्द आवाज आला तर आत थर सुटलेला आहे किंवा बारीक भेग आहे. मग पृष्ठभागावर नख फिरवा. पापुद्रा नखानं उचलला जात असेल तर तो घरी झाडूनंही निघत राहील.

दुसरं, पाणी. सुक्या नगाच्या मागच्या बाजूला पाण्याचे चार थेंब टाका आणि पाच-दहा मिनिटं गप्पा मारा. थेंब तसेच राहिले तर दगड घट्ट. थेंब गायब होऊन ओला डाग उरला तर तो दगड तर्रीही तशीच पिणार. नेमकं हवं असेल तर घरच्या स्वयंपाकाच्या काट्यावर सुका तुकडा तोला, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा तोला. आतल्या फरशीसाठी वजनातली वाढ साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत असावी. बाहेरच्या वापराला याहूनही कमी.

तिसरं, सोनेरी ठिपके. काही स्लेटमध्ये पितळेसारखे चमकणारे बारीक कण असतात, ते लोह आणि गंधकाचं खनिज. दुकानात छान दिसतं. पण पावसाचं पाणी लागलं की त्यांतले बरेचसे गंजतात आणि तांबडा ओघळ उतरतो. तांबूस-सोनेरी रंगाच्या 'मल्टिकलर' मालाचे रंगही लोहाचेच. घरात ठीक, पोर्चमध्ये जपून.

आता मुख्य निवड. स्लेट दोन प्रकारे मिळते. एक, जशी उकलली तशी, म्हणजे मागून-पुढून दोन्हीकडे खडबडीत. दुसरी, मागून यंत्रानं घासून एका जाडीची केलेली, जिला दुकानदार 'गेज' किंवा 'कॅलिब्रेटेड' म्हणतात. दुसरी महाग पडते. तरी पहिल्यांदा लावणाऱ्यांनी तीच घ्यावी. फुटामागे वाचलेले पैसे मिस्त्रीच्या मजुरीत, वाळू-सिमेंटात आणि तुमच्या डोकेदुखीत निघून जातात. वरून मात्र नैसर्गिक उकललेला पृष्ठभागच ठेवा, फक्त फार उंचसखल नको. पूर्ण घासून गुळगुळीत केलेली काळी स्लेट पहिल्या महिन्यात शोभते, मग तिच्यावर ओढलेल्या प्रत्येक खुर्चीची पांढरी रेघ दिसते. पाटीच ती.

कुठे लावावी, कुठे नको

हॉल, पूजेची खोली, पुढचा व्हरांडा, जिन्याचा खालचा चौक: उत्तम. उंबऱ्याबाहेर काळ्या-करड्या स्लेटवर रांगोळी काढून पाहा. गेरूनं सारवल्याशिवायच पांढरी रेघ उठून दिसते, आणि खरबरीत पृष्ठभागामुळे रांगोळी वाऱ्यानं लवकर पसरत नाही.

गच्चीवर नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि गडद दगड दुपारी तवा होतो. पापड-कुरड्या वाळतील, पाय ठेवता येणार नाही.

घरात गुडघेदुखीचं किंवा वॉकरवर चालणारं माणूस असेल तर त्यांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेत उंचसखल स्लेट लावू नका. दोन-तीन मिलिमीटरची कड तरण्या पायाला जाणवतही नाही, वॉकर तिथेच अडतो. स्वयंपाकघरात लावता येते, पण ज्या घरात आठवड्याला सावजी रस्सा होतो त्यांनी सीलरचा, म्हणजे डाग बसू नयेत म्हणून दगडात मुरवायच्या द्रावाचा, पुढचा भाग दोनदा वाचावा.

आणि एक वजनाचा हिशोब. १२ मिलिमीटरची स्लेट चौरस फुटाला साधारण तीन किलो भरते. खाली दीड इंच रेती-सिमेंटचा माल घातला तर त्याचे आणखी सात-आठ किलो. महाल-इतवारीकडच्या जुन्या, लाकडी तुळयांच्या माडीवर हा भार टाकण्याआधी इंजिनिअरला दाखवा. मिस्त्री 'काही नाही होत' म्हणेल. त्याला वर झोपायचं नसतं.

किती घ्यायची

खोलीचं माप काढून त्यावर १५ टक्के जास्त. १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट, तर १३८ घ्या. गेज नसलेला माल असेल तर २० टक्के धरा, कारण काही नग निवडताना बाजूला पडतातच. सगळा माल एकदाच उचला. पुढच्या खेपेला त्याच खाणीचा रंगही वेगळा येतो. काम संपल्यावर उरलेले आठ-दहा नग जिन्याखाली उभे करून ठेवा.

मजुरी ठरवताना तीन गोष्टी आधीच बोलून घ्या: स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) रनिंग फुटावर वेगळं की त्यातच, नगांची छाननी कोण करणार, आणि सांधे भरून पुसून देणं मजुरीत धरलंय का. हे शेवटचं न बोलल्यामुळे आमचा व्हरांडा कसा झाला ते पुढे सांगतो.

पाया: इथे घाई केली तर सगळं गेलं

नागपूरच्या बऱ्याच भागांत जमीन काळ्या मातीची. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जोत्याच्या आत तीच माती भरली असेल तर वरची कोणतीही फरशी दोन-तीन वर्षांत बोलायला लागते, आणि स्लेट तर आधी तडकते. तळमजला नवा बांधत असाल तर काळी माती काढून मुरूम भरा, सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थराला पाणी मारून धुमसानं ठोकून. त्यावर चार इंचांचं काँक्रीट. मग जमलं तर एक पावसाळा जाऊ द्या. लोकांना हे पटत नाही, वास्तूचा मुहूर्त काढलेला असतो.

जुन्या कोब्यावर लावत असाल तर आधी त्याच्यावर काठी आपटत चाला. पोकळ वाजेल तेवढा भाग फोडून पुन्हा भरा. सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आडवी-उभी फिरवा, खाली तीन-चार मिलिमीटरपेक्षा मोठा खळगा दिसला तर भरून घ्या. ओल तपासायला दोन फुटांचा प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपनं चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. आतून थेंब दिसले तर काम थांबवा. ही ओल वर येताना क्षार घेऊन येते आणि काळ्या दगडावर पांढरी साय धरते.

दाराचं माप आताच घ्या. दगड, खालचा थर मिळून किती उंची वाढते ते काढा आणि दार उघडून पाहा. नंतर दारं रंधायला सुतार शोधत फिरावं लागतं.

छाननी आणि सुकी मांडणी

माझ्या मते अख्ख्या कामातला हाच महत्त्वाचा दिवस, आणि तो मिस्त्रीवर न सोडता घरच्यांनी करायचा.

अंगणात तीन जागा आखा: जाड, मध्यम, पातळ. प्रत्येक नग हातात घेऊन कड पाहायची, टिचकी मारायची, मागची धूळ तारेच्या ब्रशनं झाडायची आणि ज्याच्या त्याच्या ढिगात ठेवायचा. आम्ही चौघं बसलो होतो, आईनं तर डोळे मिटून नुसत्या आवाजावरून फुटके नग काढले. मडकं घेताना वाजवून पाहायची सवय कामी आली. दीडशे नगांत अकरा बाद झाले. त्याच वेळी तीन-चार वेगवेगळ्या पेट्यांतला माल मिसळा, नाहीतर अर्धा हॉल हिरवट आणि अर्धा करडा होतो.

मग खोलीत सुकी मांडणी. समोरासमोरच्या भिंतींचे मध्य दोरीनं जोडा. दुसरी दोरी काटकोनात हवी. गुण्या लहान पडतो, म्हणून एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फुटांची खूण करून त्यांतलं अंतर मोजा. बरोबर ५ फूट आलं तर काटकोन पक्का. मधून सुरुवात करून चारी बाजूंना नग मांडत जा, म्हणजे कापलेले तुकडे भिंतीकडे जातात. भिंतीजवळ दोन-तीन इंचांची चिरोटी उरत असेल तर सगळी मांडणी अर्ध्या नगानं सरकवा. सगळ्यात सुंदर नग दारातून दिसतील तिथे, डागाळलेले सोफ्याखाली. खडूनं मागे नंबर टाका.

प्रत्यक्ष बसवणं

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्येच करायचं असेल तर सकाळी सहाला सुरू करून दहाला थांबा, खिडक्यांना ओली पोती लावा. त्या उन्हात पसरलेल्या केमिकलवर, म्हणजे नग चिकटवायच्या मालावर, पाच-सात मिनिटांत साय येते, आणि साय धरलेल्यावर बसवलेला नग चिकटत नाही, नुसता टेकतो. बोट लावून पाहा: बोटाला माल लागला पाहिजे.

गेज माल आणि सपाट पाया असेल तर टाइल ॲडहेसिव्ह, म्हणजे ज्याला सगळे केमिकलच म्हणतात. पिशवीवर 'आयएस १५४७७' हा मानक क्रमांक आणि प्रकार पाहा. नैसर्गिक दगडाला टाइप ३ मागा. दातेरी थापीनं एकाच दिशेनं रेघा ओढायच्या आणि नगाच्या पाठीवरही पातळ हात द्यायचा, खळगे भरतील असा. नुसते चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून नग दाबायची पद्धत दिसली की लगेच थांबवा. पोकळ जागेवर पलंगाचा पाय आला की स्लेट फुटलीच. २० किलोची पिशवी तीन मिलिमीटर थरानं पन्नासेक फूट पुरते, स्लेटखाली थर जाड लागतो म्हणून निम्मंच धरा.

गेज नसलेल्या मालाला रेती-सिमेंटचा दीड इंचाचा थर लागतोच, एकास पाच, ओलसर पण न गळणारा. रेती चाळून घ्या. कन्हान नदीच्या रेतीतही गोटे असतात. मात्र थरावर सिमेंटचं पाणी ओतून नग बसवू नका. ते सांध्यांतून वर येऊन दगड पांढरा करतं. त्याऐवजी नगाच्या पाठीला केमिकलचा हात द्या.

जाड ढिगापासून सुरुवात करा. जाड नगाची उंची ही खोलीची उंची, मग पातळ नगाखाली माल वाढवता येतो. उलटं केलं तर जाड नग खाली घालायला जागाच नसते. रबरी हातोडीनं मधोमध ठोकायचं, कडेला नाही. आमचा मिस्त्री व्हिट्रिफाइडच्या सवयीनं लेव्हलिंगच्या प्लास्टिक क्लिपा घेऊन आला होता. "भाऊ, मी तर हेच लावून राहिलो इतके वर्षं." दोन ओळी लावल्या आणि स्वतःच काढल्या. क्लिपा दोन्ही कडा सारख्या आहेत असं धरून ओढतात, इथे कडाच वेड्यावाकड्या. त्यापेक्षा चपला काढा आणि प्रत्येक ओळ झाल्यावर तिच्यावर अनवाणी चाला. जिथे कड पायाला टोचते तिथे नग त्याच वेळी उचलून पुन्हा बसवा.

दहा नगांमागे एक सहज उचलून पाठ बघा. नव्वद टक्के पाठ मालानं भरलेली दिसली पाहिजे.

सांधा गेज मालाला चार-पाच मिलिमीटर, नाहीतर आठ. भिंतीलगत आठ-दहा मिलिमीटर मोकळे सोडा, स्कर्टिंग ते झाकतं. मोठ्या हॉलमध्ये साधारण १५ ते २० फुटांवर एक सांधा सिमेंटचा न करता लवचीक सीलंटचा ठेवा. इथल्या उन्हाळा-हिवाळ्यात फरशीला हलायला जागा लागते.

कापताना पाणी सोडूनच कापा. सुकं ग्राइंडर चाललं की घर धुक्यात जातं आणि ती धूळ सिलिकाची असते. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला स्लेटच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांची फुप्फुसं याच धुळीनं गेली. मिस्त्रीच्या पोराला गमछ्याऐवजी एन-९५ मास्क आणून द्या, तुम्हीही लावा.

एक दिवस पाय ठेवायचा नाही. केमिकलवर तीन दिवस सामान नको. रेती-सिमेंटवर सात दिवस तराई, ओल्या पोत्यांखाली.

सीलर आधी, सांधे नंतर

व्हरांड्याची गोष्ट इथे. फरशी बसली, पाहुणे यायचे होते, आम्ही सीलर न लावताच सांधे भरून घेतले. ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरायचा माल, दगडाच्या सगळ्या बारीक खाचांत जाऊन बसलं आणि वाळल्यावर काळी स्लेट राख फासल्यासारखी दिसायला लागली. पुसून देणं मजुरीत नव्हतं. दात घासायचा जुना ब्रश आणि कोमट पाणी घेऊन आम्ही दोघांनी दोन रविवार घालवले, तरी कोपऱ्यांत अजून आहे.

म्हणून क्रम असा. फरशी पूर्ण वाळू द्या, सुटे पापुद्रे पत्र्याच्या पट्टीनं काढा, झाडून घ्या. दगडात मुरणाऱ्या सीलरचा एक हात फक्त दगडावर द्या. दहा-पंधरा मिनिटांनी जो वर तरंगेल तो कापडानं टिपून घ्या, नाहीतर चिकट थर राहतो. दुसऱ्या दिवशी वाळूमिश्रित ग्राउट करड्या रंगाचं. एका वेळी वीसेक फूटच भरा आणि ओलसर स्पंजनं तिरकं पुसा. ग्राउट चार-पाच दिवस मुरलं की सीलरचा दुसरा हात सगळ्यावर.

वरून चकचकीत थर धरणारा, लॅकरसारखा सीलर दुकानदार पुढे करतो, कारण दिसायला भारी. त्यावर ओरखडे पडतात, खालून ओल आली की तो पापडासारखा सुटतो. नको.

आमच्या मावशीनं जवसाचं तेल सुचवलं. दगड गडद आणि देखणा होतो हे खरं, पण फरशी आठवडाभर धूळ धरते आणि दर वर्षी पुन्हा लावावं लागतं. कुणी लावणारच असेल तर तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

रोजचं

झाडणं, साधं पाणी, थोडा सौम्य साबण. ॲसिडची बाटली या फरशीपासून लांब. दगडातलं लोह त्यानं गंजतं आणि सांधे खाऊन जातात. तर्री सांडली तर आधी पुसू नका, कणीक टाकून तेल शोषून घ्या आणि मग साबण. सीलर टिकलाय का ते वर्षातून एकदा पाण्याच्या थेंबांनीच पाहा, उन्हाळ्याच्या आधी.

आणि कूलर. मार्चमध्ये तो खिडकीत बसला की थेंब थेंब खाली गळतो. बोअरचं पाणी जड, आठवड्याभरात काळ्या स्लेटवर पांढरं कडं. ते ओलं करून घासू नका. आधी सुक्या कडक ब्रशनं झाडा, मग पुसा. कूलरखाली उथळ ट्रे ठेवा, आणि टाकी भरायचा पाइप घरातून नाही, खिडकीबाहेरून न्या.